लाल डोक्याच्या खुंट्या

“बाई, दोन डबडे पानी भेटन का?”

मी कापूस वेचत होते. मान वर केली नाही. वेचणीत मान वर करणाऱ्या बाईची ओटी भरत नाही, असं माझी आई म्हणायची. पण आवाज एवढा मोठा, की धुऱ्यावरच्या बोरीतले पारवे उडाले.

“प्याले, का आंग धुवाले?” मी खालूनच विचारलं.

“मशीनले. तिचं डोस्कं तापलं.”

आता मात्र मी पाहिलं. उंच, काळासावळा, अंगात पलटणीतलं हिरवं स्वेटर, त्याच्या कोपराला ठिगळ, पापण्यांवर मुरमाची पांढरी धूळ... आणि त्या धुळीतून हसणारे डोळे. हसणारा परका पुरुष मला तेव्हाही आवडत नसे. ज्याला काही पाहिजे असतं, तोच आधी हसतो.

त्याच्या मागं बरडावर ते पिवळं धूड उभं होतं. बुलडोझर. शहात्तर सालचा हिवाळा होता. शिरपूरपासून आमच्या गावापर्यंत पक्का रस्ता होणार होता. मजूर बायामाणसांनी पंधरा दिवस कुदळी मारल्या, बरड काही फुटेना. म्हणून सरकारनं हे मशीन धाडलं, आणि मशीनसोबत हा.

“इहीर तुमची?” त्यानं विचारलं.

“मंग काय तुमची?”

तो आणखीच हसला. पोहरा सोडला, दोन डबे भरले. एवढ्यावर जाईल म्हटलं, तर गेला नाही. विहिरीच्या कडेला टाच लावून उभा राहिला आणि तिथून सरकारच्या खुंटीपर्यंत पावलं टाकत गेला. ओठ हलत होते. मोजत होता.

“काय मोजून राह्यले?”

“काही नाही,” तो म्हणाला.

काही नाही म्हणणाऱ्याजवळ नेहमी काहीतरी असतं.

आजकालच्या पोरी म्हणतील, भागिरथाबाई, पहिल्याच भेटीत एवढा संशय? तर ऐका. आम्ही बौद्ध. छप्पन सालात धर्म घेतला, देव नदीत सोडले, पण गावच्या विहिरीवर आमच्या घागरीला जागा काही झाली नाही. म्हणून माझ्या बापानं, उकंडरावानं, आपल्या चार एकरात स्वतः विहीर खोदली. तीन उन्हाळे खोदली. बाप खाली सब्बल मारायचा आणि आई वरून टोपलं ओढायची. आई गेली, विहीर राहिली. ती विहीर आमच्या घरात माणसासारखी होती.

आणि आमच्या भागात धुरा कोरायची रीत आहे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला, शेतांमधला बांध. वखर मारताना शेजारी दरसाल वीतभर तुमच्या अंगावर सरकतो. तुम्ही बोलत नाही, तो थांबत नाही. दहा वर्षांनी तुमच्या पिकाची अख्खी ओळ त्याच्या घरात. हे आमच्या लोकांनी जन्मभर पाहिलेलं. आता सरकारनं वावरातून दोन ओळी खुंट्या ठोकल्या होत्या, लाल डोक्याच्या. दोन ओळींच्या मधला रस्ता. एका अंगाला आमची विहीर, दुसऱ्या अंगाला रामरावांचा संत्र्याचा बगीचा. रामराव गावातले मोठे कास्तकार. रस्ता हातभर इकडे सरकला तर त्यांची झाडं वाचतात. तिकडे सरकला तर आमची विहीर. मधे कोण? तर हा हसणारा.

नाव दौलतराव. मानोऱ्याकडचा. सरहद्दीवर डोंगरात रस्ते करणाऱ्या पलटणीत मशीन शिकून आलेला. एवढं सगळं मला बेबीताईनं सांगितलं. ती आमच्या शेजारची, रस्त्याच्या कामाच्या मस्टरवर मुरूम वाहायची, आणि मुरमापेक्षा बातम्या जास्त. तिनंच सांगितलं, की डिझेलची पिपं रामरावाच्या गोठ्यात ठेवलीत आणि हा रोज सकाळी तिथंच चहा पितो.

झालं. मला आणखी काय पाहिजे?

तो रोज पाण्याला यायचा. मशीनच्या आवाजानं त्याचे कान अर्धे गेले होते. त्यामुळं साधं बोलला तरी तीन वावरं ऐकत. त्याच्याशी हळू बोलायची सोयच नव्हती.

“आज मिरची जास्त हाये वाटते,” तो दुपारी विहिरीच्या सावलीत भाकर खाताना ओरडायचा. ठेचा मीच दिलेला असायचा. मुद्दाम झणझणीत.

“रामरावाच्या घरचा चहा गोड असते. त्याच्यावर उतारा.”

“चहा पेल्ला त का झालं?”

“मिठाले जागाव लागते म्हनतात. साखरेचं तुमीच सांगा.”

त्यावर तो माझ्याकडे बघायचा... आणि मला उगाच पदर सारखा करावासा वाटायचा. मग स्वतःचाच राग यायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी मिरच्या आणखी दोन.

एक होतं मात्र. मी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन रस्त्याच्या आखणीतून आडवी जाऊ लागले, की तो मशीन थांबवायचा. नुसतं थांबवायचा नाही, पुढचं ते लोखंडी पातं हळूहळू खाली सोडायचा. पातं जमिनीला टेकायचं आणि मी पलीकडे जाईपर्यंत तसंच राहायचं. मला वाटलं, रीतच असेल मशीनची. एक दिवस बेबीताई म्हणाली, “आमी जातो तवा नाही टेकवत व. आमाले नुसता हात करते, लवकर पळा म्हनून.” वर म्हणाली, “अन् सारा गाव त्याले डायवरभाऊ म्हनते. तू कवा भाऊ म्हटलेलं मी ऐकलं नाही.”

मी म्हटलं, ज्याच्यावर भरोसा नाही त्याला भाऊ कायले म्हणू?

त्याच आठवड्यात मी त्याला पकडलं.

थंडी कडक होती. मी उजाडताच वेचणीला आले, दव वाळायच्या आत. तो आधीच आलेला. मशीन बंद. आमच्या अंगाच्या ओळीतली खुंटी त्यानं उपटली, हातभर विहिरीकडे सरकवली, आणि दगडानं ठोकली. मग दुसरी. मग तिसरी. ठोकताना आजूबाजूला बघत होता. मी बोरीआड बसले. मग तो मशीनवर चढला आणि त्या जागी मागंपुढं, मागंपुढं करून माती सारखी केली.

तो गेल्यावर मी विहिरीच्या कडेपासून खुंटीपर्यंत हातानं मोजलं. दहा हात. आदल्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, मी सहज मोजलं होतं तेव्हा अकरा होते. मी दोन वर्गच शिकले, पण दहा अन् अकरा कळतात. रोज हातभर. म्हणजे दहा दिवसांत मशीन आमच्या विहिरीत.

पुढचे चार दिवस मी रोज बोरीआड बसले. रोज तेच. तो खुंट्या उपटे, विहिरीकडे सरकवे, माती सारखी करी. मी पुन्हा मोजलं नाही. संशयाला एकदाच मोजायची सवय असते. आणि दुपारी तोच माणूस माझ्यासमोर बसून ठेचा खात होता, डोळ्यांतून पाणी काढत, हसत. मी बापाला सांगितलं नाही. आधीच तो त्या दिवसांत जेवत कमी होता, बोलत त्याहून कमी.

मंगळवारी ओव्हरसियरची जीप आली. मदनसिंग नाव. टोपीवाला, कागदाची भली मोठी गुंडाळी काखेत. रामरावही आले होते, माझा बाप होता, सगळे मजूरही होते. मी गाठोडं खाली टाकलं आणि सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुमचा मशीनवाला रोज सकाळी खुंट्या सरकवते. आमच्या इहिरीकडे. म्या पाच दिवस डोयानं पाह्यलं.

मदनसिंगानं त्याला खाली बोलावलं. विचारलं, खुंटीला हात लावला का?

“लावला,” तो म्हणाला.

“किसके कहने पे?”

मी वाट पाहत होते, तो रामरावांकडे बघेल. त्यानं बघितलं माझ्या बापाकडे. मग खाली, मातीकडे.

“बोल ना गा,” मदनसिंग म्हणाला.

“मले सांगाचं नाही.”

रामराव म्हणाले, माझ्याकडे पाहू नका, माझा काही संबंध नाही. मदनसिंगानं बाकी ऐकून घेतलं नाही. मशीनची चावी मागून घेतली. सांगितलं, उद्या नऊच्या गाडीनं वाशीमला जा, साहेबासमोर उभा राहा, नोकरी राहते की जाते ते तेच बघतील, आणि जाईल असंच समज. त्यानं चावी दिली. स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं. माझ्यासमोरून गेला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी जिंकले होते. बाया माझ्याकडे वाघीण असल्यासारखं पाहत होत्या. मग घरी जाताना पाय एवढे जड कशानं झाले?

दिवेलागणीला मी बापापुढं ताट ठेवलं. त्यानं हात धुतला आणि तसाच बसला.

“भागिरथा,” तो म्हणाला, “खुंट्या मी सरकवो.”

मला आधी समजलंच नाही.

मग हळूहळू, एकेक शब्द मोजून, त्यानं सांगितलं. खुंट्या रोवल्या त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. दहा हात म्हणतात, पण आज दहा, उद्या नऊ, धुरा असाच जातो. म्हणून दिवस बुडाला, की तो जायचा आणि खुंट्या हातभर रामरावाकडे सरकवायचा. हातभर कोणाला कळतं? सकाळी बघावं, तर पुन्हा जागच्या जागी. चौथ्या दिवशी दौलतच त्याच्याजवळ आला. म्हणाला, बाबा, तुमचा डावा पाय वाकडा पडते. मातीत उमटते. ओव्हरसियरनं पाहिलं तर सरकारी खुंटीची केस होईल. मी सकाळी खुंट्या नीट करतो अन् पायाच्या खुणांवरून मशीन फिरवतो. पण आता बस करा.

“मंग?” मी विचारलं.

“म्या म्हटलं, बरं.”

“अन्?”

“अन् सांजच्याले पुन्हा गेलो.”

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. संध्याकाळी अकरा हात, सकाळी दहा. मी दोन्ही मोजले होते, आणि मधला माणूस माझ्या घरातला होता.

पोरींनो, खरं सांगते, त्या संध्याकाळी मी एक घडीभर विचार केला, की गप्प बसावं. कोणाला काय कळणार? तो मानोऱ्याचा, मी इथली. नऊची गाडी जाईल, विषय संपेल. माझी जीभ गावात धारेची म्हणून नावाजलेली, ती सगळ्यांसमोर परत गिळायची? आणि बापाच्या हातात बेडी पडली तर? पण ज्या माणसानं माझ्या बापासाठी तोंड उघडलं नाही, त्याची भाकर माझ्या तोंडानं गेली होती. ते माझ्यानं पचणार नव्हतं.

सकाळी सात वाजता मी आखणीवर जाऊन उभी राहिले. मागून बाप आला. मी म्हटलं, तू घरी जा. तो म्हणाला, तूच जा. जीप आली तेव्हा आम्ही दोघंही तिथंच. दौलत फाट्यावर जायला निघाला होता, हातात पत्र्याची पेटी. बेबीताई आणि बाकी बाया टोपली घेऊन थबकल्या.

“सायेब,” मी म्हटलं, “काल म्या खोटं नाही सांगतलं, पण अर्धंच सांगतलं. खुंट्या म्या सरकवल्या. हा नीट करे.”

“ती नाही, मी,” बाप म्हणाला.

मदनसिंगानं टोपी काढून डोकं खाजवलं. “एका खुंटीले दोन चोर? पहिल्यांदाच पाह्यतो.”

मग बाप पुढं झाला, खुंटीजवळ बसला आणि दाखवलं. अशी उपटो. अशी रोवो. त्याचा वाकडा पाय मातीत उमटला, सगळ्यांना दिसला. मदनसिंगानं ते बघितलं आणि गुंडाळी उघडली. बोट ठेवून सांगितलं, की बाबा, हे बघ, कागदात तुझी विहीर सोडूनच रस्ता काढलाय, खुंटीच्या आत एक इंच कोणी येणार नाही.

“कागदात आमच्यासाठी लय काही होतं, सायेब,” बाप म्हणाला. “भेटलं कवा?”

मदनसिंगानं गुंडाळी बांधली. दौलतला विचारलं, तू कालच का नाही बोललास?

“बुढा मानूस हाये,” दौलत म्हणाला, आणि तीन वावरांनी ऐकलं. “ह्याले पोलिसात देल्लं असतं, अन् मंग मशीनले पानी ह्याच्याच इहिरीचं मांगाव लागलं असतं. कोन्या तोंडानं मांगू?”

मदनसिंगानं चावी त्याच्या हातावर टेकवली. बापाला शिक्षा दिली ती अशी: रस्ता पुढं सरकेपर्यंत रोज दिवस बुडाला की त्यानं खुंट्यांची राखण करायची. एक खुंटी हलली, तर जबाबदार उकंडराव. बाया हसल्या. बापही हसला, पुष्कळ दिवसांनी.

पण मी काही हसले नाही. मी चुकले होते खरी, पण एक प्रश्न तसाच उरला होता. माणूस फुकटात दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतो?

दोन दिवसांनी मशीन विहिरीसमोर आलं. पात्याचं एक टोक वर बसणाऱ्याला दिसत नाही, म्हणून खाली कोणीतरी हात दाखवायला लागतं. मदनसिंग बापाला उभा करत होता. दौलत म्हणाला, बाबाचा हात थरथरते. तिले उभी करा.

मी विहिरीकडे पाठ करून उभी राहिले. त्यानं सांगितलं होतं, पंजा हलला की यायचं, मूठ आवळली की थांबायचं. मशीन आलं. पायाखालची जमीन हलू लागली, कडेचे खडे मागं पाण्यात डुबुक डुबुक पडू लागले. ते पिवळं धूड माझ्या अंगावर येत होतं आणि वर बसलेला माणूस जमिनीकडे नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहत होता. मी मूठ आवळली. खुंटीपासून चार बोटं. धूड जागच्या जागी थांबलं. त्यानं इंजिन बंद केलं, आणि एवढी शांतता झाली की माझाच श्वास मला ऐकू आला.

तो खाली उतरला. आता विचारून घ्यावं, म्हणून मी विचारलं.

“तुमी माह्या बापाले काहून वाचवलं? तुमाले काय पाह्यजे होतं?”

“खरं सांगू?”

“खोटं सांगाची सोय हाये का?”

त्या दिवशी पहिल्यांदा तो हळू बोलला. एवढं हळू... की मला पुढं वाकावं लागलं.

“तुह्या बापाले आत टाकलं असतं, तर मी मांगणी घालाले कोनाकडे गेलो असतो?”

ओढणी नव्हती तेव्हा, नाहीतर चावली असती. पदराचं टोक हातात गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पण जीभ माझीच होती.

“घरी बायको हाये का?”

“नाही.”

“असंच म्हनतात सारे.”

“गावी येऊन पाह्य.”

“मी कायले येऊ? माहा बाप येईन. तो कागदावर भरोसा ठेवत नाही, डोयानं पाह्यते.”

“येऊ दे,” तो म्हणाला. “पाय जपून टाकाव म्हना. आमच्या गावची मातीही भुसभुशीत हाये.”

मी तोंड फिरवलं. हसू त्याला दिसायला नको होतं. दिसलंच असणार.

बाप दोन गाड्या बदलून मानोऱ्याकडे गेला. दोन दिवस गेले, तीन गेले. रस्ता तोवर आमच्या वावरातून पुढं सरकला होता, मशीनचा आवाज लांबून यायचा. मी स्वतःला सांगत होते, की बायको निघालीच असणार. दोन पोरंही. एखादी पळालेलीसुद्धा. मी ते सगळं एवढं पक्कं ठरवलं, की त्या न पाहिलेल्या बाईचा मला रागही येऊ लागला.

चौथ्या दिवशी बाप आला. मी विचारलं नाही. त्यानं पाय धुतले, एक एक बोट चोळून. पाणी प्याला. मग म्हणाला, घर कुडाचं आहे, पण सारवलेलं. बैलजोडी चांगली. शेजाऱ्यांना विचारलं, दुकानदाराला विचारलं, बुद्धविहारात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. बायको नाही. कधी नव्हती. घरात एकटी माय.

“माय कशी हाये?”

“तुह्यासारखीच. जिभेची.” बापानं तोंड पुसलं. “तिनं मलेच इचारलं. म्हने, तुमची पोरगी लय संशयी हाये म्हनते माहा पोरगा, खरं का?”

“मंग? तू काय म्हटलं?”

“खरंच सांगतलं. म्हटलं, हो. लय.”

“अन् ते?”

“ते म्हनली, मंग पाठवा लवकर. माहा पोरगा साऱ्या जगावर भरोसा ठेवते. घरात एखादं तरी मानूस शंका घेनारं पाह्यजे.”

गाठोडं तसंच टाकलं आणि निघाले. नवा रस्ता पांढरा, मऊ, ताज्या मुरमाचा होता. त्यावर तेव्हा कोणाची गाडी चालली नव्हती, कोणाचे बैल चालले नव्हते. दीड कोस मी त्यावरून एकटी चालत गेले. उन्हं उतरली होती. समोर धूळ दिसली, मग मशीन दिसलं, मग तो.

त्यानं मला बघितलं आणि इंजिन बंद केलं. बेबीताई आणि सगळ्या बाया टोपली डोक्यावर घेऊन जिथल्या तिथं उभ्या राहिल्या.

“तुमच्या मायनं हो म्हटलं,” मी खालून सांगितलं.

“काल चिठ्ठी आली मले,” तो वरून ओरडला. “मायचं समजलं. पण तू? तू काय म्हनते?”

पंधरा-वीस माणसं ऐकत होती. मी पदर खोचला आणि मान वर करून, त्याला नीट ऐकू जाईल असं म्हटलं:

“मी दीड कोस चालत आली, ते काय रस्ता पाह्याले?”